नर्मदाक्काचं मरण

नर्मदाक्काला बारा दिवसांत मारून टाका, असा निरोप आला तेव्हा मी सोलापूर सोडलेल्या एसटीत खिडकीशी बसलो होतो. फोनवर चॅनेलची मुलगी होती. वय सव्वीस. मला 'सर' म्हणते आणि दर आठवड्याला माझे चार सीन कचऱ्यात टाकते. "सर, ताईंचे गुडघे गेलेत, त्या आता फार दिवस शूटिंगला यायला तयार नाहीत. बारा भाग आहेत तुमच्याकडे. मरण मोठं हवं. प्रेक्षकांना समाधान मिळालं पाहिजे." मी बरं म्हटलं. शेजारच्या बाईनं मांडीवरची पिशवी सावरत हळूच विचारलं, "कोण वारलं का ओ घरातलं?" "नाही, अजून बारा दिवस आहेत," असं माझ्या तोंडून निघून गेलं. ती बिचारी नळदुर्ग येईपर्यंत माझ्याकडे बघायचं टाळत होती.

'माप ओलांडून' ही मालिका नऊ वर्षं चालली आहे. सोमवार ते शनिवार, संध्याकाळी साडेसात. तिचे संवाद मी लिहितो. नर्मदाक्का ही तिच्यातली आई. तिनं काय केलं नाही ते विचारा. मुलगा परगावी असताना त्याची नऊ दिवसांची मुलगी गेली, तर ती बातमी तिनं त्याच्यापर्यंत पोचू दिली नाही, फोन तांदळाच्या डब्यात लपवला. बाळंतीण सुनेला माहेरीच ठेवून घराचं दार बंद केलं. मुलानं तिचं तोंड बघायचं सोडलं, तरी ही बाई लांबून सूत्रं हलवतच राहिली. त्याचं दुसरं लग्न मोडलं, तिसरं जमवलं, व्याह्याला तुरुंगात धाडलं. मुलाला मी इतक्या बायका दिल्या की आता मलाच त्यांची नावं सांगता येणार नाहीत. नर्मदाक्का मात्र पहिल्या भागापासून आहे तशी आहे. बाकीचे सगळे मी डोक्यातून रचले, हिला रचावं लागलं नाही. ती जळकोटला राहते, तिचं नाव शरणम्मा, माझी आई. आमच्या लिंगायत घरात निम्मं कानडी आणि निम्मं मराठी, म्हणून मी तिला अव्वा म्हणतो.

काय झालं होतं ते एकदाच सांगून टाकतो. माझं लग्न माकणीच्या शिवांजलीशी झालं. मी तेव्हा मुंबईत एका लेखकाच्या हाताखाली होतो, तो सांगेल ते लिहायचं आणि तो फाडेल ते गोळा करायचं. पहिलं बाळंतपण म्हणून शिवांजली माहेरी गेली. मुलगी झाली. आमच्या रीतीप्रमाणे जंगमानं, म्हणजे गुरूनं, येऊन तिच्या गळ्यात इष्टलिंग बांधलं, आणि नवव्या दिवशी ती गेली. मला कुणी कळवलं नाही. मी जळकोटला पोचलो तेव्हा अकरा दिवस उलटून गेले होते. अव्वा दारातच उभी होती. म्हणाली, "ती आता या घरात यायची न्हाय. म्या नगं म्हणून कळवलंय." का, म्हणून विचारलं तर, "पटलं न्हाय मला." एवढंच. मी ओरडलो, ओट्यावरची घागर लाथेनं उलथवली आणि आल्या पावली परत गेलो. माकणीला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा शिवांजलीचा भाऊ बसप्पा होता. "तुमच्या आईनं नांदवायचं न्हाय म्हणून सांगितलंय. आता कशाला फोन करता?" जळकोटहून माकणी दीड तासावर आहे. मी गेलो नाही. आईचा राग आला होता आणि तेवढा मला पुरत होता. पुढे कागदावर सह्या झाल्या, दोन वर्षांनी तिचं उमरग्याला लग्न झाल्याचं कानावर आलं. मी पुन्हा लग्न केलं नाही. मी मालिका लिहिली.

त्यानंतर अव्वाशी बोलणं म्हणजे दिवाळीला एक फोन, दीड मिनिटाचा. या खेपेला चुलतभावानं, विरुपाक्षनं, फोन केला नसता तर आलोही नसतो. "अव्वाच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं आपरेशन झालंय. दिवसातनं सहा वेळा थेंब घालायचेत. म्या ऊसतोडीच्या मागं, घरी कुणी न्हाय. तुमी येताव का एखादी बाई लावू?" बाई लावू हे त्यानं साधेपणानंच म्हटलं असेल, पण मला झोंबलं.

अव्वा काळा चष्मा लावून पलंगावर बसली होती. आधीच बारीक बाई, त्या चष्म्याखाली चेहरा उरलाच नव्हता. पावलांचा आवाज ओळखून म्हणाली, "आलास? हात धू अन् थेंब घाल. दोनला घालायचे हुते, अडीच झाले." इतक्या वर्षांनी आईचं पहिलं वाक्य हे. मी हात धुतले. तिनं चष्मा काढला, मान मागे टाकली. मी तिची खालची पापणी बोटानं ओढली. तिच्या चेहऱ्याच्या इतक्या जवळ मी लहानपणानंतर गेलो नव्हतो. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला. "नीट बघून घाल," ती म्हणाली, "गालावर नगं सांडू."

संध्याकाळी सव्वासातला समोरच्या धुरपदाबाई आल्या, त्यांच्या मागून गल्लीतल्या आणखी तिघी. अव्वाचा टीव्ही मोठा आहे. डॉक्टरनं आठ दिवस टीव्ही बघायचा नाही म्हणून बजावलं होतं, म्हणून मी रिमोट उशीखाली सरकवला. अव्वानं तो हातानं चाचपून काढला, खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड केलं आणि बसली. "बघायचं न्हाय म्हणले. ऐकायचं न्हाय आसं कुठं म्हणले?"

पडद्यावर नर्मदाक्का आली. चापूनचोपून काठापदराचं लुगडं, कपाळावर एवढं मोठं कुंकू. माझंच वाक्य बोलली, "या उंबऱ्याबाहेर जी एकदा गेली, ती मला मेली." भिंतीकडं तोंड केलेली अव्वा ताडकन म्हणाली, "मुडदा बशिवला हिचा! काय बाई हाय का कोण?" बायका हसल्या. हसता हसता धुरपदाबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली. तेवढ्यानं मला कळलं. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं ही नर्मदाक्का कुठून आली ते, आणि कुणाच्या तोंडून निघत नव्हतं. नऊ वर्षं या बायका रोज इथं येऊन बसत होत्या आणि अव्वा सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं त्या बाईला शिव्या घालत होती, म्हणजे दुसऱ्या कुणाला अवघडायला नको.

मला लाज वाटायला हवी होती. खरं सांगतो, वाटली नाही. समजलं ना तुला, बरं झालं, असं वाटलं.

पुढचे तीन दिवस आमचं बोलणं थेंबांपुरतं. मधल्या वेळात मी आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून नर्मदाक्काचं मरण लिहीत होतो, आणि ते झरझर उतरत होतं. दवाखान्यात ती एकटी पडलीय. मुलाला फोन लावतेय. तो फोनकडं बघतो आणि पालथा घालतो. ती क्षमा मागत मरते आणि ऐकायला कुणी नाही. दोन भाग पाठवले तशी चॅनेलच्या मुलीनं टाळ्या वाजवणारे सहा हात पाठवले.

चौथ्या दिवशी दुपारी थेंबांची बाटली संपली म्हणून मी हायवेवरच्या मेडिकलला गेलो. परत आलो तर दारात अनोळखी चपला. आत अव्वा पलंगावर आणि तिच्या मागं बसून कुणीतरी तिचे केस विंचरत होतं. ऑपरेशननंतर डोक्यावरून पाणी घेता येत नव्हतं, केसांचा गुंता झाला होता. ती एकेक बट धरून, डोळ्याला हिसका बसू नये अशी सोडवत होती. शेजारी डब्यात शेंगापोळ्या होत्या. तिनं मान वर केली आणि तिचा हात तिथंच थांबला.

शिवांजली. अंगानं भरलेली, कानाजवळ केस पिकलेले.

"थांबलीस का गं?" अव्वानं विचारलं. "कोण आलं?"

"मी," मी म्हटलं.

मग अव्वा म्हणाली, "नंद्या, च्या टाक. हिची चारची गाडी हाय."

मला गॅस पेटवता येईना. तीन काड्या मोडल्या. मालिकेत ज्या दोघींना मी नऊ वर्षं एकमेकींचं तोंड बघू दिलं नव्हतं, त्या बाहेरच्या खोलीत बसून वेणी घालत होत्या. शेवटी शिवांजलीच उठून आली, तिनं चहा केला, तिघांना दिला, डबा रिकामा करून धुतला आणि निघाली. मी तिच्याबरोबर स्टँडपर्यंत गेलो. अव्वानं अडवलं नाही.

"कितीदा येतेस?" मी विचारलं.

"वर्षातनं एकदा. तुळजापूरला जाते म्हणून निघते घरातनं. परत जाताना इथं उतरते."

"जिनं तुला घराबाहेर काढलं तिच्याकडं?"

ती चालायची थांबली. "तुम्हाला खरंच तसं वाटतं?" तिला आश्चर्य वाटलं होतं, राग आला नव्हता. "मला वाटलं, मालिकेसाठी फिरवून लिहिलंय."

स्टँडवरच्या बाकावर आम्ही बसलो. मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा होती. ती समोरच्या उसाच्या ट्रॅक्टरांकडं बघत बोलली, हळू, पण अडखळली नाही.

"बाळाला आधी तीन दिवस ताप होता. अव्वा माकणीला येऊन बसल्या होत्या, मांडीवरनं खाली ठेवलं नाही त्यांनी. तुम्हाला तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा केला तेव्हा मी शेजारीच होते. तुम्ही म्हणालात, आज भाग जायचाय, परवा निघतो."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मला तो जिना आठवला. स्टुडिओचा जिना, हातात फोन, आतून लेखक माझ्या नावानं ओरडतोय, आणि मी अव्वाला सांगतोय, परवा. लहान पोरांना ताप येतोच, असंही म्हणालो होतो. तांदळाच्या डब्यातला फोन मी इतक्या वेळा लिहिला होता, इतक्या वेळा दाखवला होता, की मला डबा आठवत होता आणि जिना आठवत नव्हता. खोटं बोलत होतो असंही म्हणता येणार नाही. मी माझीच मालिका खरी धरून चाललो होतो.

"परवाचे अकरा दिवस झाले," शिवांजली म्हणाली. "मला तुमच्यासोबत राहायचं नव्हतं. एवढंच होतं. बाळ गेल्यावर अव्वा मला न्यायला आल्या, तेव्हा मी त्यांच्या पायावर डोकं ठेवून तसं सांगितलं. पण भावाला काय सांगू? पोरीनं आपणहून नवरा सोडला म्हटल्यावर तिला कोण उभं करतंय? अव्वांनी मला उठवून बसवलं. मग म्हणाल्या, 'तू न्हाय सोडलंस. म्या नांदवलं न्हाय. सासू वंगाळ निघाली म्हणलं की पोरीला कुणी नाव ठेवत न्हाय.' तिथंच बसप्पाला हाक मारली आणि त्याच्या तोंडावर सांगितलं, मला ही सून नको. त्यानं त्यांना काय काय शिव्या दिल्या, तुम्हाला सांगवत नाही."

तिनं मांडीवरचा धुतलेला डबा दुसऱ्या हातात घेतला.

"त्या जोरावर माझं लग्न झालं. एक मुलगी आहे, सातवीला. माझी आताची सासू रोज साडेसातला मालिका लावते आणि मला जवळ बसवून घेते. विचारते, 'अशीच करायची का गं ती?' मी व्हय म्हणते. नऊ वर्षं व्हय म्हणतेय." आता तिचा आवाज फुटला. "बिचारी म्हणून फार जपतात मला."

"अजून दहा भाग आहेत," मी म्हटलं. "मी खरं लिहितो. सगळं. अव्वाचं नाव मोकळं करतो."

तिचा चेहरा पडला. अख्ख्या उमरग्याला ठाऊक होतं की ती मालिका हिच्या आधीच्या नवऱ्यानं लिहिलीय. मालिकेतल्या सुनेनं आपणहून नवरा सोडला असं दिसलं की त्याच संध्याकाळी तिची सासू तिच्याकडं वळून बघणार होती. हे मला कळत होतं आणि तरी मी म्हटलं होतं. ती म्हणाली, "लिहा. मी लई खाल्लं त्यांच्या नावावर. माझं काय व्हायचं ते होऊ द्या." गाडी आली. पायरीवर चढताना वळून म्हणाली, "मी सांगितलं म्हणून त्यांना सांगू नका. शब्द मोडलाय मी."

सांगायची वेळच आली नाही. मी घरात पाय ठेवला तशी अव्वा म्हणाली, "सांगितलं तिनं."

"हो."

"पाच मिनिटांचा रस्ता, अन् एवढा येळ लावलास, तवाच समजलं. चार कवाच वाजून गेले. थेंब घाल."

थेंब घालता घालता मी म्हटलं, "अव्वा, शेवट बदलतो मी. तू काय केलंस ते लोकांना कळू दे."

तिनं माझं मनगट धरलं. आजारी बाईची पकड नव्हती ती. "खबरदार. ती पोर घरादाराला लागलीय. तिच्या पोरीचं उद्या लगीन व्हायचंय."

"नावगाव बदलून लिहितो."

"नाव बदलून तर नऊ वर्षं लिहितोयस. कुणाला कळलं न्हाय व्हय?"

मी पलंगाच्या कडेला बसून राहिलो. विचारलं, "मग मला तरी सांगायचंस. मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तुझ्या बायकूनं तुला टाकलं, अन् बरूबर केलं, आसं? तू आधीच आला न्हाईस म्हणून मनात जळत असशील, म्हणलं, हे ऐकलास तर उभा ऱ्हायचा न्हाईस. माझ्यावर राग धरलास तर निदान हातपाय हलवशील. आईवरचा राग किती दिस टिकतुय? म्या दोन वर्षं धरली हुती."

"आणि टिकला."

"टिकला की. माझ्यावर गेलास." ती हसली आणि लगेच चष्मा चढवला. "चुकलं माझं गणित. रोज वाटायचं, आज येतंय, उद्या येतंय. मग एक दिवस ती मालिका लागली. पहिला भाग बघितला अन् धुरपदा म्हणली, शरणम्मा, हे काय गं? म्या म्हणलं, काय न्हाय. मनात म्हणलं, चला, बोलाया तरी लागला."

मला तिच्या पायाशी लोळण घ्यावीशी वाटली. मी घेतली नाही, मला सवय नव्हती. "माझं चुकलं, अव्वा," एवढंच म्हणालो, आणि ते मालिकेतल्या वाक्यासारखं ऐकू आलं.

तिनं उशी पाठीशी ओढून घेतली. मग म्हणाली, "मारायचीय व्हय तिला? धुरपदा म्हणत हुती, मोबाइलवर आलंय."

"हो."

"मार. फकस्त माफी मागाया लावू नगं. तिनं काय केलंच न्हाय तर माफी कशाची मागंल? तिला ठाव हाय की." आणि जरा थांबून, "अन् एकदा जेवताना दाखव. नऊ वर्षं झाली, त्या बाईला एकदा तोंडात घास घालताना न्हाय दाखवलंस. कट करती, बोलती, रडवती, अन् जेवत न्हाय. बाई हाय का भूत?"

मी लिहिलेलं सगळं पुसलं, पाठवलेले दोन भागही परत मागवले. दवाखाना काढला, फोन काढला, माफी काढली. नर्मदाक्काचं एक वाक्यही बदलून चांगलं केलं नाही. दुष्ट होती तशी ठेवली, आणि नऊ वर्षांत जेवढं कठीण गेलं नव्हतं तेवढं ते कठीण गेलं. माझ्या हातात तिला सोडवायची किल्ली होती आणि मी रोज सहा पानं लिहून ते दार आणखी घट्ट लावत होतो. शेवटच्या भागात ती स्वयंपाकघरात एकटी पाटावर बसून भाकरी खाते, हात धुते, भिंतीला टेकते आणि संपते. मुलगा येत नाही. चॅनेलच्या मुलीचा फोन आला, "सर, जेवणात संवादच नाही. प्रेक्षक चॅनेल बदलतील." मी म्हटलं, सीन काढलात तर पुढचा भाग दुसऱ्याकडून लिहून घ्या. मी तिच्यावर पहिल्यांदाच आवाज चढवला. चाळीस सेकंद राहू दिले तिनं.

तो भाग शनिवारी लागला. आठ दिवस उलटले होते, म्हणून अव्वा आता टीव्हीकडं तोंड करून, काळा चष्मा लावून बसली होती. त्या दिवशी गल्लीतल्या नऊ-दहा जणी आल्या होत्या, दारातही दोघी उभ्या होत्या. मी मागं भिंतीला टेकून उभा होतो. पडद्यावर नर्मदाक्कानं भाकरीचा तुकडा मोडला.

"भाकरी अशी मोडतेत व्हय?" अव्वा म्हणाली. "चपाती फाडल्यावानी फाडतीय. मुंबईची दिसती." पण ती पुढं वाकून बघत होती, आणि तो घास त्या बाईच्या घशाखाली उतरेपर्यंत तिनं श्वास सोडला नाही.

नर्मदाक्का भिंतीला टेकली. तिचे डोळे मिटले. जाहिरात लागली.

नऊ वर्षं ज्या बाईच्या मरणाची वाट बघितली ती मेली होती आणि एकीलाही अव्वासमोर हसता येत नव्हतं, रडताही येत नव्हतं. धुरपदाबाई नुसत्या पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या. तेव्हा अव्वा उठली. भिंत चाचपत आत गेली, फडताळातून साखरेचा डबा काढून आणला आणि दारापासून सुरुवात करून एकेकीच्या तळहातावर चिमूट चिमूट साखर ठेवायला लागली.

"गेली एकदाची. घ्या, तोंड गोड करा. लई छळलं तिनं सुनेला. घे गं धुरपदा, बघतीस काय?"

धुरपदाबाईंनी हात पुढं केला, पण मान वर केली नाही. अव्वा शेवटी माझ्यापाशी आली. माझा हात तिनंच धरून उघडला आणि त्यावर साखर ठेवली. मी ती खाल्ली. सगळ्या बायकांदेखत आईच्या मरणाची साखर खाल्ली आणि गप्प उभा राहिलो, कारण बोललो असतो तर उमरग्यात एक बाई उद्ध्वस्त झाली असती.

बायका एकेक करून गेल्या. मी हात धुऊन बाटली घेतली. अव्वानं चष्मा काढला, मान मागं टाकली. मी थेंब घातला. डोळा मिटून ती म्हणाली, "आता सोमवारी साडेसातला म्या काय बघू, नंद्या?"

"मालिका चालूच राहणार आहे की, अव्वा. नर्मदाक्का तेवढी गेली."

"ते हाय," ती डोळा मिटूनच म्हणाली. "पर त्यात आता माझ्याशी कोण बोलणार?"